बॉबकॅट या नावाची सहा अक्षरे

ट्रॉय, मिशिगन
दि. १४ सप्टेंबर

प्रिय विश्वास,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र गेल्या आठवड्यात पोहोचले. ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर काढलेली छायाचित्रे तू इतक्या बारकाईने पाहिलीस आणि त्यांतल्या एका पांढऱ्या गाडीवरचे 'रॉयल बॉबकॅट' हे दोन शब्द नेमके टिपलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. तू लिहितोस की पाँटिॲक या अमेरिकन मोटारीच्या जुन्या मॉडेलांची यादी तू दोनदा तपासलीस. तीत बॉनव्हिल सापडली, कॅटलिना सापडली, टेंपेस्ट आणि जीटीओ सापडल्या, पण बॉबकॅट काही सापडली नाही. शिवाय आपल्याकडे बॉबकॅट म्हटले की रस्त्याच्या कामावर खडी उचलणारे ते बुटके लोडर डोळ्यांपुढे येते, त्याचा आणि या गाडीचा काही संबंध आहे का, असेही तू विचारले आहेस.

संबंध नाही. ते लोडर नॉर्थ डकोटा राज्यातल्या मेलरो कंपनीचे, आणि तिने हे नाव त्या प्रांतात आढळणाऱ्या आखूड शेपटीच्या रानमांजरावरून घेतले. पुढे १९७० च्या दशकात फोर्डच्या मर्क्युरी शाखेनेही बॉबकॅट नावाची एक छोटी मोटार विकली. तिचाही येथे संबंध नाही. पाँटिॲकच्या यादीत तुला हे नाव मिळाले नाही, कारण ते कारखान्याने ठेवलेलेच नव्हते. ते एका डीलरच्या दुकानात जन्मले, आणि ज्या रीतीने जन्मले ती रीत तुझ्यासारख्या गॅरेजवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला माझ्यापेक्षा चांगली कळेल, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

आधी जागा समजून घे. डेट्रॉईट शहराच्या नदीकाठापासून वायव्येला सरळ निघणारा वुडवर्ड रस्ता चाळीसेक किलोमीटरवर पाँटिॲक नावाच्या गावात संपतो. हे गाव ओडावा जमातीच्या ज्या सरदाराच्या नावाने वसले, त्याने १७६३ मध्ये डेट्रॉईटच्या किल्ल्याला वेढा घातला होता. आणि १९२६ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड या गाडीला जोड म्हणून जी स्वस्त गाडी काढली, तिला या गावाचे नाव दिले. धाकटी गाडी इतकी चालली की थोरली ओकलंड काही वर्षांतच बंद पडली. या वुडवर्ड रस्त्यावर, डेट्रॉईट आणि पाँटिॲक यांच्या साधारण मध्यावर, रॉयल ओक हे गाव आहे. १८१९ मध्ये मिशिगन प्रांताचा गव्हर्नर लुईस कॅस या दलदलीच्या मुलखाची पाहणी करीत असताना त्याला एक भलामोठा ओक वृक्ष दिसला, आणि १६५१ च्या वूस्टरच्या लढाईत हरलेला राजा दुसरा चार्ल्स ज्या ओकच्या फांद्यांत लपून वाचला, त्या झाडाची त्याला आठवण झाली, अशी या नावाची कथा येथे सांगतात. या गावात असा विल्सन यांची पाँटिॲकची एजन्सी होती. सर्वजण त्यांना एस विल्सन म्हणत. एजन्सीचे नाव रॉयल पाँटिॲक. म्हणजे तू पाहिलेल्या त्या दोन शब्दांपैकी पहिला शब्द गावाकडून आलेला आहे, आणि गावाला तो एका पळून चाललेल्या राजाकडून मिळालेला आहे.

दुसऱ्या शब्दासाठी थोडे मागे जावे लागते. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पाँटिॲक ही वयस्कर, सावध गिऱ्हाइकांची गाडी समजली जात असे. १९५६ मध्ये सायमन नुडसेन जनरल मोटर्सच्या या पाँटिॲक शाखेचे प्रमुख झाले आणि त्यांनी तरुण गिऱ्हाईक मिळविण्याचा ध्यास घेतला. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या मोटार उत्पादकांच्या संघटनेने ठराव केला की सभासद कंपन्यांनी शर्यतींपासून दूर राहावे. आता वेगवान गाडी तर विकायची आणि वेगाचे नाव मात्र उघडपणे घ्यायचे नाही, अशी अडचण उभी राहिली. पाँटिॲकच्या जाहिराती सांभाळणाऱ्या मॅकमॅनस, जॉन अँड ॲडम्स या संस्थेत जिम वँगर्स नावाचे गृहस्थ होते, त्यांनी यातून वाट काढली. त्यांचे म्हणणे असे की कंपनीला बोलता येत नसेल तर डीलरने बोलावे. डीलरच्या दुकानात जोरकस गाड्या उभ्या असाव्यात, त्यांची माहिती असलेले विक्रेते असावेत, आणि मागच्या बाजूच्या वर्कशॉपमध्ये त्या गाड्यांना आणखी धार लावणारे मिस्त्री असावेत. ही कल्पना करून पाहायला जो डीलर तयार झाला, तो एस विल्सन. १९६० च्या सप्टेंबरात डेट्रॉईट ड्रॅगवेवर झालेल्या राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धेत, म्हणजे सरळ पट्टीवर धावण्याच्या शर्यतीत, रॉयलची ३८९ घनइंची, म्हणजे सुमारे ६.४ लिटरच्या इंजिनाची कॅटलिना स्वतः वँगर्स यांनी चालविली आणि स्टॉक, म्हणजे कारखान्यात बनतात तशा गाड्यांच्या गटातले अव्वल पद जिंकले. त्यानंतर रॉयलच्या दारात गर्दी होऊ लागली.

गर्दी झाली म्हणजे वस्तूला नाव लागते. रॉयलच्या मिस्त्रींनी हात फिरविलेल्या गाडीला नुसते 'सुधारलेली कॅटलिना' म्हणून भागण्यासारखे नव्हते. येथे कोणी मोठी समिती बसली नाही, की कोणा कंपनीला नावे सुचविण्याचे काम दिले गेले नाही. एजन्सीच्या सुट्या भागांच्या फळीवर पाँटिॲकच्या नामफलकांची अक्षरे होतीच. बॉनव्हिल आणि कॅटलिना या दोन गाड्यांच्या फलकांवरची अक्षरे घेऊन, ती नव्या क्रमाने मांडून, बॉबकॅट हा शब्द जुळविण्यात आला. विश्वास, हे वाचून तू क्षणभर थांबशील याची मला खात्री आहे, कारण मीही प्रथम ऐकले तेव्हा थांबलो होतो, आणि मग कागद घेऊन रोमन अक्षरे लिहून पाहिली होती. तूही तसे कर. बॉनव्हिलची पहिली दोन अक्षरे बी आणि ओ. कॅटलिनाची पहिली तीन अक्षरे सी, ए आणि टी, ती जशीच्या तशी, त्याच क्रमाने लागतात. राहिला मधला दुसरा बी. कॅटलिनात बी नाही, आणि बॉनव्हिलमध्ये तो एकदाच येतो. म्हणजे एक बॉबकॅट लिहायला एक कॅटलिना पुरते, पण बॉनव्हिल दोन लागतात. ज्याच्याकडे फलकांचा साठा आहे, अशाच माणसाला हा शब्द लिहिता येईल. घरी बसलेल्या हौशी मालकाला आपल्या गाडीवरची अक्षरे उचकटून तो लिहिता येणार नाही.

या जुळणीत आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बॉनव्हिल हे नाव युटा राज्यातल्या मिठाच्या पांढऱ्या सपाट मैदानाचे, जेथे जमिनीवरील वेगाचे विक्रम होत आले. आणि त्या मैदानाला ते मिळाले बेंजामिन बॉनव्हिल या फौजी अधिकाऱ्याकडून, ज्याने पश्चिमेच्या मुलखाची भ्रमंती केली होती. कॅटलिना हे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढचे, सांता कॅटलिना नावाचे बेट. कारखान्याची नावे अशी दूरदेशीची, गिऱ्हाइकाला प्रवासाचे स्वप्न दाखविणारी होती. ती मोडून, त्यांचे तुकडे जोडून, डीलरने जो प्राणी तयार केला तो मात्र खुद्द मिशिगनच्या जंगलात हिंडणारा आहे. नाव जुळविणाऱ्यांनी हे मनात धरले होते असे मी म्हणत नाही. अक्षरांतून जो शब्द निघाला तो त्यांनी घेतला असेल. तरीही मीठ आणि समुद्र यांच्या अक्षरांतून जवळच्या रानातले मांजर निघावे, याचे मला आजही नवल वाटते.

छायाचित्रे काढली त्या दिवशी एका वृद्ध मालकाने आपल्या जुन्या पाँटिॲकवरून निघालेले एक अक्षर माझ्या तळहातावर ठेवले. ते अंगठ्याएवढे होते, अपेक्षेपेक्षा जड होते, वर क्रोमचा मुलामा होता आणि पाठीमागे दोन बारीक खुंट्या होत्या. पत्र्याला भोके पाडायची, खुंट्या आत सरकवायच्या आणि आतून पकडी बसवायच्या, अशी त्याची रीत. नवीन क्रमाने शब्द लिहायचा तर जुनी भोके उपयोगी पडत नाहीत. आधी रेघ मारून, अंतर मोजून, कोऱ्या गाडीच्या पत्र्याला छिद्रक लावण्याचे धैर्य करावे लागते. तुझे वडील स्कूटरच्या ढालीवर नाव बसविताना ओठांत खिळा धरून किती वेळ नुसते पाहत राहत, ते मला त्या वेळी आठवले.

आता नावामागे काम काय होते, हे सांगितल्याशिवाय तू मला सोडणार नाहीस. बॉबकॅटचा संच ऐकायला साधा आहे, आणि त्याचे मोठेपण मला त्या साधेपणातच दिसते. पहिली गोष्ट हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, पॅकिंग. मूळ जाड पॅकिंगऐवजी पातळ पॅकिंग घातले की पिस्टनच्या माथ्यावरची मोकळी जागा कमी होते आणि काँप्रेशन वाढते; सिलिंडर तासावा लागत नाही की हेड बदलावे लागत नाही. दुसरी गोष्ट सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर: ठिणगीचे टायमिंग लवकर पुढे सरकेल अशी त्याची मांडणी बदलायची. तिसरी कार्ब्युरेटरचे जेट: पेट्रोल सोडणारी ही छिद्रे मोठी घालून पेट्रोल-हवेचे मिश्रण दाट करायचे. चौथी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. थंडीत इंजिन लवकर तापावे म्हणून कारखाना धुराड्याकडचा गरम वायू इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे मिश्रण आत नेणाऱ्या नळ्यांच्या, पोटातून खेळवीत असे. रॉयलवाले तो मार्गच बंद करीत, म्हणजे आत येणारे मिश्रण थंड आणि घट्ट राही आणि प्रत्येक फेरीला थोडी अधिक ताकद मिळे. मिशिगनच्या जानेवारीत अशी गाडी सकाळी सुरू करणे सोपे नाही, हे येथे वीस हिवाळे काढल्यावर मी खात्रीने सांगू शकतो. पण ज्याला बॉबकॅट हवी होती त्याने हा सौदा जाणूनबुजून केलेला असे. आणि शेवटी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटांच्या रॉकरवर विशेष नटे घट्ट बसवीत, त्यामुळे वाढत्या फेऱ्यांना टॅपेट फुगून व्हॉल्व्ह उघडे राहण्याचा दोष मागे हटे. दूरच्या गिऱ्हाइकांसाठी हा संच खोक्यात भरून टपालानेही पाठविला जाई. म्हणजे नाव गाडीचे राहिले नाही, ते काही मोजक्या भागांचे आणि ते बसविण्याच्या हातोटीचे झाले. आणि तुझ्या यादीत ते न सापडण्याचे हे आणखी एक कारण आहे.

१९६३ च्या जानेवारीत जनरल मोटर्सने आपल्या सर्व शाखांना शर्यतीचे काम थांबविण्याचा सक्त आदेश दिला. मग पाँटिॲकच्या अभियंत्यांनी, ज्यांत जॉन डिलोरिअन होते, मध्यम आकाराच्या टेंपेस्टमध्ये मोठ्या गाडीचे ३८९ चे इंजिन बसविले. अशा आकाराच्या गाडीला ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन द्यायचे नाही असा कंपनीचा नियम होता, म्हणून ते स्वतंत्र मॉडेल न म्हणता जादा पैसे देऊन घ्यावयाचा पर्याय म्हणून विकण्यात आले. त्याचे नाव जीटीओ. पहिल्याच, १९६४ च्या सालात त्या ३२,४५० विकल्या गेल्या. हे नाव मात्र सरळ सरळ फेरारीचे होते. 'ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो' या इटालियन शब्दांचा अर्थ शर्यतीच्या वर्गासाठी मान्यता मिळालेली प्रवासी गाडी असा आहे, आणि पाँटिॲकला तशी कोणतीच मान्यता नव्हती. जगाच्या स्मरणात जीटीओ राहिली आणि बॉबकॅट थोड्यांच्याच, हे मला मान्य आहे; पण नावापुरते बोलायचे तर एक उसने आणलेले आहे आणि दुसरे आपल्याच फळीवरच्या अक्षरांचे आहे, आणि माझे मन दुसऱ्याकडे आहे.

या दोन नावांची गाठ १९६४ च्या मार्च महिन्यात पडली. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने पाँटिॲकची जीटीओ फेरारीच्या जीटीओशी तोलून पाहण्याचा लेख छापला आणि पाँटिॲकला शून्यापासून ताशी ६० मैलांपर्यंत ४.६ सेकंद लागल्याचे नोंदविले. तपासणीच्या गाड्या रॉयलने तयार केलेल्या होत्या. पुष्कळ वर्षांनी वँगर्स यांनीच सांगितले की सरळ धावण्याच्या चाचणीतील गाडीत ३८९ चे नव्हे, तर ४२१ चे इंजिन होते. हे मला आवडलेले नाही, आणि तुलाही आवडणार नाही. ज्या दुकानाने पॅकिंग आणि जेट बदलून प्रामाणिक वेग मिळवून दाखविला, त्याला दुसरे इंजिन लपविण्याची गरज नव्हती. बॉबकॅटची खरी किंमत तर मूळ इंजिन तेच ठेवण्यात होती.

पुढे पाँटिॲकने जीटीओला वाघाचे रूप दिले. जाहिरातींत वाघ, चाकांना वाघ, आणि १९६६ मध्ये तर रॉयलच्या दोन जीटीओ गावोगावच्या ड्रॅगपट्टीवर नेऊन, वाघाचा पोशाख घातलेला एक अज्ञात चालक एका गाडीत आणि प्रेक्षकांतून निवडलेला माणूस दुसऱ्या गाडीत, अशा शर्यती लावल्या. शेवटी इंडियानापोलिसला मुखवटा उतरला तेव्हा आत गिअरच्या दांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले जॉर्ज हर्स्ट निघाले. आपण मांजरीला वाघाची मावशी म्हणतो. येथेही मावशी आधी आली, भाचा नंतर, आणि भाच्याला चालायला मावशीच्या घरच्या मिस्त्रींनी शिकविले.

तू विचारले आहेस की इतर डीलरांनीही अशी नावे ठेवली होती का. ठेवली होती, पण बहुतेकांनी जे सहज हाताशी होते ते घेतले. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचे डॉन येंको यांनी आपले आडनाव लावले; त्यांच्या वडिलांचीच शेव्हरोलेची एजन्सी होती, आणि १९६९ च्या त्यांच्या कॅमारोंवर येंको सुपर कार या तीन शब्दांची आद्याक्षरे उलटसुलट मांडून केलेले चिन्ह असे, ज्यात मधले येंकोचे अक्षर मोठे आणि दोन्ही बाजूंचे छोटे. शिकागोत नॉर्म क्राउस यांची डॉजची एजन्सी ग्रँड आणि स्पॉल्डिंग या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर होती, म्हणून ती ग्रँड स्पॉल्डिंग डॉज झाली. जणू आपल्याकडे एखाद्याने दुकानाला चौकाचे नाव द्यावे. लाँग आयलंडवरच्या बाल्डविन गावातली शेव्हरोलेची एजन्सी आणि जोएल रोझेन यांचे मोशन परफॉर्मन्स हे वर्कशॉप यांनी हातमिळवणी केली, तर गाड्यांचे नाव बाल्डविन-मोशन झाले, मध्ये फक्त एक छोटी रेघ. आडनाव, चौक, गाव, भागीदार. ही सगळी नावे मला प्रिय आहेत, कारण ती वाचली की दुकान कोठे होते आणि गल्ल्यावर कोण बसत होते ते समजते. परंतु डीलरने कारखान्याचीच अक्षरे हाती घेऊन कारखान्याने कधीच न उच्चारलेला शब्द लिहावा, असे उदाहरण मला बॉबकॅटशिवाय माहीत नाही.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिल्ट शॉर्नॅक यांच्यासारख्या मिस्त्रींच्या हाताखाली रॉयलने जीटीओत ४२८ चे इंजिन बसविले, आणि त्या बॉबकॅट आज संग्राहक जिवापाड जपतात. नंतर विम्याचे हप्ते, धुराचे नियम आणि कमी झालेला उत्साह यांनी सगळ्याच डीलरांना गाठले. वेगाचा हा व्यवसाय एस विल्सन यांनी जॉन डिलोरिअन यांचे बंधू जॉर्ज यांच्या स्वाधीन केला. त्यानंतर पाँटिॲक शाखा आणखी चार दशके चालली आणि २०१० मध्ये तीही मिटली. आता वुडवर्डवर ऑगस्टमधल्या एका शनिवारी जेवढ्या पाँटिॲक एकत्र दिसतात, तेवढ्या एरवी वर्षभरात दिसत नाहीत. त्या पांढऱ्या गाडीचा मालक माझ्याशी अर्धा तास बोलला, आणि मी भारतातून आलो आहे हे कळल्यावर त्याने मला प्रथम इंजिन न दाखविता त्या दोन शब्दांकडे बोट दाखविले.

एक विचारायचे राहिले. तुमच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, तुझ्या वडिलांनी मोडीत गेलेल्या स्कूटरी, जीप आणि फियाट यांचे नामफलक ठोकून ठेवले होते. आपण शाळेत असताना त्यांतली सुटी अक्षरे काढून फरशीवर मांडीत असू, आणि एकदा तुझे संपूर्ण नाव लिहायला व्ही हे अक्षर मिळाले नाही म्हणून तू दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. ती भिंत नव्या शेडचे काम करताना पाडली, की अजून आहे? असली तर तिचे एक छायाचित्र दिवसाच्या उजेडात, जवळून काढून मला पाठव. त्या वृद्ध गृहस्थांना मी तिच्याविषयी सांगितले आहे, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ते छायाचित्र घेऊन येईन असा शब्द दिला आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुझ्या आईंना माझा साष्टांग दंडवत सांग. कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

तुझा,
सुधाकर